बारावी ओळ

उधना, सुरत
२८ जून १९९९

चि. वर्षा हीस अनेक आशीर्वाद.

प्रथम एक गंभीर तक्रार. तू पोस्टकार्ड पाठवतेस. पोस्टकार्ड ही खाजगी वस्तू नव्हे, याचा बंगलोरला गेल्यापासून तुला विसर पडलेला दिसतो. आमचे पोस्टमन भूपेंद्रभाई सायकल भिंतीला टेकवून ते आधी स्वतः वाचतात आणि मग मला देतात. शनिवारी त्यांनी विचारलं, "साहेब, तो पछी सेलेरॉन ज लेवानुं?" मी म्हटलं, घ्यायचा का, विचार चालू आहे. ते म्हणाले, "बेन कहे छे तो लई लो ने. विचार शुं करवानो?" सेलेरॉन हा संगणकातल्या पेन्टियम चिपचा स्वस्त धाकटा भाऊ आहे, हे आमच्या खरेदी समितीतल्या निम्म्या सभासदांना ठाऊक नाही. आमच्या गल्लीत पानवाल्यालाही ठाऊक झालं आहे.

तक्रारीचा दुसरा भाग. तू अकरा ओळी लिहितेस आणि खाली बोटभर जागा कोरी सोडतेस. त्या जागेचंही भाडं तू टपालखात्याला भरलेलं आहेस. लहानपणी पाठशाळेत आमचे गुरुजी पाटीचा कोपरा कोरा राहिला तरी कान पिळत. तुझा कान लांब आहे, म्हणून लिहून सांगतो: बारावी ओळ मावते.

आता कामाचं. आपण दोघांनी संगणकासाठी मागितलेलं अनुदान तू गेल्यावर दीड वर्षानं मंजूर झालं. सरकारी वरदान असंच येतं, तपस्वी उठून गेल्यावर. समितीला एकच मोठं परदेशी यंत्र हवं आहे. ते काचेच्या कपाटात ठेवता येईल आणि पाहुण्यांना दाखवता येईल. मी म्हणतो, तेवढ्यात इथल्या इथे जुळवलेली चार साधी यंत्रं येतात. त्यांनी विचारलं, "चार साध्यांनी एका मोठ्याचं काम होतं का?" मी म्हटलं, महाविद्यालय त्याच तत्त्वावर चालतं. कोणी हसलं नाही.

तेव्हा तूच सांग. रंगाचा रेणू पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो कसा, हे तुझ्या प्रबंधाचं कोडं. प्रत्येक अणू शेजारच्याला किती ढकलतो, किती ओढतो, हे पुन्हा पुन्हा मोजायचं. महिनाभर यंत्र राबावं तेव्हा रेणूंच्या जगात पापणी लवण्याचा जेमतेम अब्जांश सरतो. एवढ्यासाठी पैसा कुठे घालावा? वेगावर, स्मृतीवर, की डिस्कवर? आणि चार यंत्रं घेतली तर ती एकमेकांना तारेनं जोडावीत का?

तुझी नोंदणी डिसेंबरअखेरपर्यंत जिवंत आहे. हे सहज लिहिलं.

तुझी माय उषाबाई दर रविवारी नवागामहून येऊन आमच्या सौ. मंगलाजवळ बसते. तुझं कार्ड आलं का, एवढंच विचारते. तू घरी लिहीत नाहीस. मला लिहितेस, तेही यंत्रांबद्दल. बारावी ओळ त्या दृष्टीनंही पाहावी.

तुझा,
चंद्रकांत सर


उधना
१९ जुलै १९९९

चि. वर्षा हीस आशीर्वाद.

कार्ड पोचलं. ओळी अकरा. असो.

सल्ला उत्तम आहे. समितीला तो मी असा समजावला: वेग म्हणजे स्वयंपाकिणीचा हात, आणि कॅश म्हणजे तिच्या हाताशी असलेला मिसळणाचा डबा. प्रत्येक फोडणीला मोहरी आणायला ती माळ्यावर चढली, तर हात कितीही चपळ असला तरी वरण करपणार. म्हणून कॅश पोटातच असलेला सेलेरॉन घ्यायचा. आपले अणू थोडे हजार, तेव्हा स्मृती बेताची पुरे. रंगीत चित्रांचं कार्ड नको, गाण्याचं नको, पडदा चौघांत एकच. डिस्क लहान चालेल. आणि यंत्रं जोडायची नाहीत. जोडली तर एकमेकांशी बोलण्यातच त्यांचा वेळ जातो. चौघांनी चार ठिकाणांहून आपापली वाट चालायची, शेवटी चौघांचं मिळून काय ते पाहायचं.

न बोलण्यात फायदा असतो हे तू फार लवकर शिकलीस, असं मंगला म्हणाली. मी म्हटलं, ती यंत्रांबद्दल लिहितेय. मंगला म्हणाली, "हो का?"

आता एक गोष्ट सांगतो. रागावू नकोस, किंवा रागाव, पण ऐक.

काल तुझे माय-आबा दोघं आले होते. धुडकूभाऊ घरात येत नाहीत. ते पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसतात. आपण फक्त बाईला पोचवायला येतो, असं त्यांनीच मला बजावून सांगितलंय. तुझं नाव ते घेत नाहीत. शिरपूरच्या मुलासाठी त्यांनी लूमच्या कारखान्यात चहा पिता पिता शब्द दिला, तुला विचारलं नाही, आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तू निघून गेलीस. गावात त्यांची मान खाली गेली, तुझी तर कापलीच जात होती. मी रसायनाचा माणूस. निवाडा करत नाही.

उषाबाईंनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, मला दिलं. "वाचा ना सर. काय लिखस मनी अंडेर, मनी पोर?"

मी वाचलं. 'कॅश नसलेला जुना सेलेरॉन दुकानदार देईल, तो घेऊ नये.' बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. 'वीज जाते, म्हणून प्रत्येकाला छोटा यूपीएस.' बाई पाहतच होत्या. अकरावी ओळ संपली. पायरीवरून खोकल्याची उबळ आली. मोठी होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "'मायला नमस्कार. आबांचा खोकला कसा आहे?'"

ही ओळ तू लिहिली नव्हतीस. मी सांगतोय, कारण तुझ्या नावावर खोटं खपवून तुलाच अंधारात ठेवणं बरं नव्हे.

उषाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि हसल्या. "आयकं का हो?" त्या पायरीकडे वळून म्हणाल्या. "तिनं तुमना खोकला इचारा."

धुडकूभाऊंनी मागे पाहिलं नाही. "मना खोकलाले काय धाड भरनी शे?" ते म्हणाले. पण निघताना चहा मागून घेतला. गेल्या दीड वर्षात त्यांनी आमच्याकडे पाणीही मागितलं नव्हतं.

चंद्रकांत सर


उधना
६ सप्टेंबर १९९९

चि. वर्षा हीस,

'माझ्या वतीनं काहीही वाचू नये. चाचणीचे आकडे पाठवावेत.' आज्ञा शिरसावंद्य. त्या दोन ओळी धरूनही अकराच भरल्या, याचं कौतुक वाटलं.

आकडे सोबत आहेत. चाचणी स्थालीपुलाक न्यायानं केली. हंडीतलं एक शीत दाबायचं आणि सबंध भात शिजला का ते सांगायचं. तुझ्या रेणूचा लहानसा तुकडा मी तीन दुकानदारांच्या यंत्रांवर चालवून पाहिला. एक दुकानदार म्हणाला, "सर, गेम चालवून बघा ना, सगळे तेच बघतात." मी म्हटलं, आमचा गेम महिनाभर चालतो आणि त्यात कोणी मरत नाही. चार यंत्रं आली. समितीला काचेचं कपाट मिळालं नाही, म्हणून प्राचार्य थोडे खिन्न आहेत.

रसायनाच्या प्रयोगशाळेत आम्लाच्या वाफा यंत्रांतले बोर्ड खातील, हे तुझं म्हणणं मी लेखी कळवलं. त्यामुळे यंत्रं सध्या रीतसर परवानगीनं माझ्या घरी आहेत, रस्त्याकडच्या खोलीत. चारही सुरू झाली आहेत. एकाच पडद्यावर पाळीपाळीनं चौघांची नाडी पाहतो. तुझ्या नावाचा फोल्डर प्रत्येकात आहे. डिस्क लहान, म्हणून मधल्या अवस्थेची नोंद (गणन मध्येच थांबलं तर तिथून उचलता यावं म्हणून करतात ती) मी तूर्त बंद ठेवली आहे. यूपीएस आहेत, तेव्हा काळजी नाही.

वाचनाबद्दल. तुझी आज्ञा पाळली. पुढच्या कार्डातलं जसंच्या तसं वाचलं: यंत्रं उघडी ठेवावीत, खोलीत हवा खेळती असावी, तापू देऊ नये. हे यंत्रांबद्दल आहे, असंही स्पष्ट सांगितलं. उषाबाईंनी तेही खोकल्याच्या ओळीइतक्याच मन लावून ऐकलं. म्हणाल्या, "म्हंजे मशीन गरम व्हस. तिले मशीननी काळजी शे."

पुढच्या रविवारी धुडकूभाऊ घरचा टेबलफॅन खांद्यावर घेऊन आले. नवागामहून, चालत, मध्ये चार ठिकाणी बसत. त्यांच्या खोलीला पत्रा आहे, हे तुला मी सांगायला नको. मी म्हटलं, "धुडकूभाऊ, अहो, हा तुम्हाला लागेल." ते म्हणाले, "माले सवय शे." पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले, फॅन स्टुलावर ठेवला, चारही यंत्रांवर वारा पोचतो का ते हात धरून पाहिलं आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसले.

त्यांच्या छातीचा फोटो काढला. त्यात सावली आहे. धाग्याची धूळ तीस वर्षं आत जात राहिली. रंग धाग्यात कसा शिरतो ते आपण मोजतोय, धागा माणसात कसा शिरतो त्याला अनुदान मागायला हवं होतं. लूम सुटलं आहे.

तिसऱ्या यंत्राचा वेग बाकीच्यांपेक्षा किंचित कमी भरतो, त्याची स्मृतीपट्टी बदलून घेतो. त्या रविवारी फॅन ठेवून ते बसले तेव्हा मी बारावी ओळ वाचली की तू दिवाळीला येतेस. पट्टी बदलल्यावर आकडे पुन्हा पाठवीन.

तुझ्या कचेरीचा फोन नंबर मी दोनदा मागितला. दोन हजार साल येण्याआधी तुम्ही सगळ्या जगाच्या संगणकांची घड्याळं दुरुस्त करताय, त्यात एक फोन घ्यायला सवड नसावी.

चंद्रकांत


उधना
२१ ऑक्टोबर १९९९

चि. वर्षा हीस,

परवा घाईघाईत कार्ड टाकलं की वीज गेली आणि चारही गणनं बुडाली. वीज गेली नव्हती.

सोमवारी खंडेनवमी होती. मी आंघोळीला गेलो होतो, मंगला फुलं आणायला. दार उघडंच होतं. बाहेर आलो तेव्हा खोलीत तुझे आबा उभे. धुतलेली टोपी, पायजम्याला इस्त्री. उषाबाईंच्या हातात थाळी, नारळ, झेंडूच्या चार माळा. आणि खोलीत आवाज नव्हता. दीड महिना रात्रंदिवस चाललेली घरघर थांबली की कान कसा रिकामा होतो, ते तुला ठाऊक असेल. उधन्यात लूम बंद पडली की झोपलेली माणसंही जागी होतात.

धुडकूभाऊंनी चारही यंत्रांची बटणं बंद केली होती. नंतर खटकेही.

"चालू मशीनले हळदकुंकू लावानं नही, सर," ते मला समजावून सांगत होते, मी नवशिका कारागीर असावा तसं. "मना समोर निंबा कारागीरनी बोटं गयात. हार घालाले गया आनि पट्टामा हात गया. पहिलं बंद करानं, मंग पूजा. आनि आज चालाडानं बी नही. आज तेस्ना दिन शे."

दीड महिन्याचं काम त्या चार बटणांत गेलं. मधली नोंद बंद ठेवणारा मी होतो, तेव्हा दोष कुणाला देऊ? मी ओल्या पंच्यानिशी उभा राहिलो आणि म्हटलं, "बरं केलंत."

त्यांनी एकेका यंत्राला हळद लावली, कुंकू लावलं, माळ घातली. मध्ये खोकला आला की थाळीपासून तोंड लांब नेत. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हाई तिनं मशीन शे ना?"

मी म्हटलं, "चारही तिचीच."

"तिनं नाव कोठे शे?"

"पडद्यावर येतं. आता बंद आहे, दिसणार नाही."

"पन येस कोठे?"

मी काळ्या काचेवर डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. त्यांनी तिथे कुंकवाचा टिळा लावला. मध्येच उबळ आली, म्हणून टिळा लांबट झाला. हात जोडले. उषाबाई म्हणाल्या, "दिवाईले यी ना, मंग पुशी ती."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला, मुहूर्तावर, मी चारही पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. नोंद आता रोज होते, जुनी पुसून नवी. डिसेंबरअखेर जमेल असं वाटतं, आणि नाही जमलं तर मुदतवाढीचा अर्ज मी करीन. अर्ज हा माझा जन्मसिद्ध वाङ्मयप्रकार आहे. मंगला पडदा पुसू देत नाही. तुझं नाव त्या टिळ्याच्या मागून थोडं लाल दिसतं.

गेल्या दोन कार्डांत तू दिवाळीबद्दल हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. दिवाळीची ओळ आणि पुढच्या रविवारी तुझ्या नावानं वाचलेल्या बाकीच्या ओळी, या माझ्या आगाऊपणाबद्दल एक शब्दही लिहिला नाहीस. शिवी तरी लिहायची होतीस. मावली असती.

चंद्रकांत


उधना
२ नोव्हेंबर १९९९

चि. वर्षा,

आज तक्रार नाही.

धुडकूभाऊंना शुक्रवारी सरकारी दवाखान्यात हलवलं. नळीनं प्राणवायू देताहेत. तार करा, असं मंगला म्हणाली. पण तार हातात पडताच तू ती न उघडता वाईट धरशील, आणि तसं अजून झालेलं नाही. म्हणून पत्र. जलद टपालानं पाठवतोय.

काल मी त्यांच्याजवळ बसलो होतो. उषाबाई औषध आणायला खाली गेल्या होत्या. त्यांनी नळी जरा बाजूला केली. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." ते म्हणाले, "बठा, सर. एक इचारस."

"विचारा."

"तुम्ही जे वाचतस ना, ते कार्डवर लिखेल शे का?"

मी त्यांची नळी नीट लावू पाहिली.

"कार्ड शे वीतभर," ते म्हणाले. "तुम्ही वाचतस मीटरभर. मी कापडवाला मानूस शे, सर. इतलासा तागामा इतलं कापड नही निंघस." आणि हसले. हसताना उबळ आली, ती बराच वेळ गेली नाही.

मी विचारलं, "कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिनपाशी. ती माले आबा नही म्हने. लहानपनपासून दादा म्हने."

वर्षा, हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं तू माझ्या खोलीत बसून काम केलंस आणि वडिलांना काय हाक मारतेस, ते मी कधी विचारलं नाही. नवागामचे सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही धरून चाललो.

मी म्हटलं, "मग दर रविवारी ऐकायला का येत होता?"

"आयकाले बरं वाटे. तिनं नाव निंघे." पुढे म्हणाले, "माले आते नका वाचज्यात. पन तिनी मायले नका सांगज्यात. ती तितलावर जगस." मग नळी स्वतःच नीट लावून घेतली आणि भिंतीकडे वळले. पायरीवर बसत तसे, माझ्याकडे पाठ करून.

यंत्रं चालू आहेत. चौथं सगळ्यांत पुढे आहे. तुझा रेणू धाग्याच्या कडेशी बराच वेळ घुटमळत होता, तो परवा आत शिरला. आकडे लिहून ठेवले आहेत. टेबलफॅन परत द्यायला मी नवागामला गेलो होतो. शेजारणीनं घेतला नाही. म्हणाली, "ते म्हणून गेलेत, मशीनला लागेल."

रविवारी लक्ष्मीपूजन. उषाबाई दवाखान्यातून थेट आमच्याकडे येतील आणि कार्ड मागतील. तू कुठवर आलीस, ते विचारतील.

प्रबंधाची मला काळजी नाही. तो होईल. यंत्रांचीही नाही. मला भीती वाटते ती ही, की तू कोरी सोडलेली ओळ मी इतक्यांदा भरली, म्हणून ती भरायची तुला कधी गरजच पडली नाही. तुला वाटलं असेल, सर सांभाळताहेत. मी सांभाळत नव्हतो. मी फक्त तुझी जागा अडवून बसलो होतो. आता उठलो आहे. ती जागा रिकामी आहे, आणि दादा असेपर्यंत तू तिथे पोचशील की नाही, हे मला माहीत नाही.

चंद्रकांत